काळजाची काटकसर

खोली भाड्यानं बघायला गेले तेव्हा त्या माणसानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, डिपॉझिटचंही काही बोलला नाही. "बसा" म्हणाला, आणि "हात द्या." मी हात मागं घेतला. परक्या गावात परका म्हातारा हात मागतोय, देतंय कोण! तेवढ्यात आतून एक बुटकी, गोल चेहऱ्याची, चाळिशीला टेकलेली बाई आली. स्वतःचा हात त्याच्यापुढं धरून तिनं मला दाखवलं, असा द्यायचा. आणि हसली. मग दिला मी. त्यानं मनगटावर तीन बोटं टेकवली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला, आणि त्याचा चेहराच पडला.

"लय पळतंय बाई तुमचं," तो म्हणाला. "नोकरी कसली?"

"एसटीत. वाहतूक नियंत्रक."

"मंग पळणारच की. वरची खोली घ्या. पर जिना सावकाश उतरायचा. तुमी धडाधडा उतरला, की हितं माझं वाढतंय."

असा माझा वडूजमधला मुक्काम सुरू झाला. जन्म सांगलीतला, नोकरी सांगलीत, आणि एका सहीनं बदली इकडं. कृष्णेच्या पाण्यावर वाढलेलं माणूस मी. इथं आले तर नजर जाईल तिथवर माळ, कुसळं आणि मेंढरं. डेपोत दिवसभर माईकवर ओरडायचं, उशिरा आलेल्या गाडीची काळजी करायची, न आलेल्या गाडीची त्याहून जास्त करायची. मुळात माझा स्वभावच असा, की अवेळी फोन वाजला तर उचलायच्या आधीच मी मनात कुणालातरी मारून मोकळी. अशा बाईला घरमालक मिळाला तो हा.

मिलिट्रीतून सुभेदार होऊन आलेले. पण बंदूकवाले नव्हेत. सगळी नोकरी खेचरांच्या दवाखान्यात गेलेली. गावात त्यांना नाडीवाले सुभेदार म्हणत, कारण दिसेल त्या जनावराची नाडी बघायची त्यांना खोड होती. घोड्याची जबड्याखाली सापडते, म्हशीची शेपटीच्या बुडाशी, शेळी-मेंढीची मांडीच्या आतल्या अंगाला, हे मला त्यांच्यामुळं कळलं. बाजारच्या दिवशी मेंढरं घेऊन आलेले धनगर त्यांना लांबूनच ओरडायचे, "आवं सुभेदार, घ्यायचंय का नुसतं चाचपायचंय?" सुभेदार उत्तर देत नसत. उत्तर देण्यात ठोके जातात.

त्यांचं म्हणणं असं, की देव प्रत्येक जनावराला सारखेच ठोके देऊन धाडतो. उंदराला जेवढे, तेवढेच हत्तीला. उंदीर उधळ्या, त्याचं काळीज मशीनगनसारखं चालतं, दोन वर्षांत सगळं संपवून मोकळा. हत्ती सावकाश खर्च करतो म्हणून त्याला साठ-सत्तर वर्षं पुरतं. मधे कुत्रं, मेंढरू, म्हैस, घोडं, आपापल्या चालीनं. हे त्यांना कधीकाळी जनावरांच्या एका डॉक्टरसाहेबानं बर्फातल्या ठाण्यावर शेकोटीपाशी सांगितलेलं. साहेबानं वेळ जावा म्हणून सांगितलं असेल. सुभेदारांनी ते गळ्यात बांधून घेतलं.

खाटेवरून उठायचे ते टप्प्याटप्प्यानं. आधी कोपर, मग बूड, मग एक पाय. हसू यायला लागलं की हात वर करून समोरच्याला थांबवायचे, "बास गड्या, बास." कुणी शिव्या दिल्या तर "तुमचे ठोके तुमी घाला, मी न्हाई घालणार" म्हणून पाठ फिरवायचे. लग्नात अक्षता पडल्या की जेवून घरी, डीजे लागायच्या आत. मयतीला तर जातच नसत, आणि त्यावरून गावानं त्यांना पुष्कळ नावं ठेवली. स्वतःच्या घराचा जिना ते कितीतरी वर्षांत चढले नव्हते. मला खालून हाक मारायची नाही, ओरडण्यात ठोके जातात, म्हणून जिन्याच्या कठड्याला खेचराच्या गळ्यातली घंटा बांधलेली. ती वाजली की झालं! काय झालं, कोण पडलं, म्हणून पळत खाली यावं, तर सुभेदार शांतपणे सांगत, "बाई, दूध आलंय."

"अहो, दुधासाठी घंटा? मला वाटलं काय झालं!"

"बगा, परत पळायला लागलं तुमचं."

एकदा मीच खोड काढली. म्हटलं, सुभेदार, सांगलीत आमच्या शेजाऱ्यांचा पोपट पंचवीस वर्षांचा आहे. एवढासा जीव, काळीज तर नुसतं फडफडतं त्याचं. मग तो कसा जगला? सुभेदार दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठून आले, तर त्यांनी आणखीच भर घातलेली, की वटवाघूळ दिसायला उंदराएवढं, पण जगतं कितीतरी पट जास्त. का? तर ज्याला खाणारे फार, त्याच्या शरीराला टिकायची गरजच पडत नाही. उंदराला आज ना उद्या घुबड नेणार; मग त्याची हाडं पन्नास वर्षांची कशाला घडवायची? पटापट पिल्लं घालायची आणि जायचं. उडणारं सुटतं, कवचातलं सुटतं, आणि सुटणाऱ्याचं शरीर सावकाश झिजतं.

याचा सुभेदारांनी काय अर्थ काढावा? त्या दिवसापासून बाजारात जाताना हेल्मेट! गाडी नव्हतीच, पायी जायचे. "आवं, कासवागत पाठीवर कवच न्हाई आपल्याला. निदान डोस्क्यावर तरी असू दे." बेबीलाही एक घेतलं, लाल. बापलेक हेल्मेट घालून मेथीची जुडी निवडतायत हे बघून भाजीवाल्या पदरात तोंड घालून हसायच्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

बेबी म्हणजे ती पहिल्या दिवशी मला हात द्यायला शिकवणारी. सुभेदारांची एकुलती एक लेक. जन्मापासून बुद्धीनं लहान राहिलेली, जीभ जड, आणि काळजाला भोक. डॉक्टरांनी तेव्हाच आईबापांना सांगितलं होतं, वीस वर्षं काढली तर पुष्कळ समजा. आई जाऊन जमाना झाला, आणि बेबी मात्र चाळिशीला आली तरी रोज सकाळी बापापुढं पाट ओढून बसायची, वेणी घालून घ्यायला. सुभेदार वेणी झकास घालत. खेचरांच्या शेपट्या विंचरून हात बसलेला, असं स्वतःच सांगायचे.

"एवढे ठोके वाचवून काय करायचंय हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"मला हिच्यापरीस एक दिस जास्त पायजे," ते म्हणाले. "एकच. हिचं सगळं माझ्या हातानं नीट झालं, की दुसऱ्या दिवशी मी जायला तयार हाय."

"आणि ही नव्वद वर्षं जगली तर?"

"मंग मला सव्वाशे काढाया लागत्याल." यात हसण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. हा म्हातारा मधेच गेला तर बेबी कुणाची? भाऊबंद होते, ते दिवाळीला फराळाचं ताट घेऊन यायचे आणि उंबऱ्याबाहेरूनच परत जायचे. वरच्या मजल्यावर राहतं कोण? मी. बेबीला रात्री भीती वाटली तर ती घंटा वाजवते कुणासाठी? माझ्यासाठी. स्पष्ट सांगते, मला बेबीची काळजी होती त्याहून जास्त माझी होती. नवरा पुण्यात, मी इथं, पुढची बदली कधी, कुठं होईल याचा पत्ता नाही. म्हातारा जिन्याखाली नुसता खोकला तरी मी कान टवकारायची.

परसात त्यांची एक मेंढी होती. एका धनगरानं बेबीला कोकरू असताना दिलेली. तो धनगर कधी आला की मेंढीचं तोंड उघडून बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. "आवं, ह्येच्या तोंडात एक बी दात न्हाई! मेंढरू वयानं मरत न्हाई सुभेदार, दातानं मरतंय. दात गेलं की चरायचं गेलं, चरायचं गेलं की मेंढरू गेलं. ही अजून कशी काय हाय?"

"बेबी भाकरी भिजवून, कालवून घालती," सुभेदार म्हणायचे. "घास कालवणारं कुणी असलं की जनावर आपल्या जातीच्या वयाच्या पुढं जातंय. माणूस तरी वजनानं मेंढराएवढाच हाय की. मेंढरू बारा वर्सं, आपुन ऐंशी. आपल्याला कालवून घालणारं असतंय म्हणून." हे बोलताना ते बेबीकडं बघत नसत, पण मला कळायचं.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांची नाडी उतरायला लागली. आधी पन्नास. मग पंचेचाळीस. रोज सकाळी घंटा वाजायची, मी पदर खोचत खाली, आणि सुभेदार नवा आकडा सांगायचे. त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नसे. इतक्या वर्षांची काटकसर आत्ता कुठं फळाला आली, असं त्यांना वाटत होतं. मी मात्र बघत होते, की न्हाणीपासून खाटेपर्यंत येताना ते भिंत धरतात. पायांवर सूज. बेबीची वेणी घालताना मधेच हात थांबतो. "डोळ्यापुढं जरा काळं येतंय," ते म्हणायचे, "बाकी झ्याक!"

छत्तीसला पोचले त्या दिवशी साताऱ्याहून येणाऱ्या माझ्याच एका ड्रायव्हरला सांगून त्यांनी कंदी पेढे मागवले. आळीत वाटले. मला दोन दिले.

"मी नाही खाणार," मी म्हटलं. "तुम्ही आधी डॉक्टरकडं चला. ही काय पेढे वाटायची गोष्ट आहे?"

"बाई, छत्तीस म्हंजे काय ठाव हाय का? निरोगी घोड्याची नाडी! सगळी नोकरी मी जनावरांच्या जबड्याखाली हात घालून ह्योच आकडा हुडकला. छत्तीस लागला की साहेबाला सलाम ठोकून सांगायचो, जनावर फिट हाय. आता ह्यो माझ्यातच घावला."

"तुम्ही घोडा नाही सुभेदार!"

"न्हाई. पर आकडा बरा हाय."

आता अशा माणसाशी काय डोकं फोडायचं? दुसऱ्या कुणाला छत्तीसची नाडी लागली असती तर तो घाबरून दवाखान्यात पळाला असता. हा पेढे वाटत होता. मी डेपोत बसून गाड्यांची नावं पुकारायची आणि मनात हेच, की आज घरी गेल्यावर काय बघावं लागणार आहे.

आणि बघावं लागलंच. दुपारी जेवणाच्या आधी सुभेदार तासभर जमिनीवर उताणे पडत, हात छातीवर, डोळे अर्धवट. याला ते साठवणं म्हणत. त्या वेळी बेबी काठी घेऊन उंबऱ्यात राखणीला बसायची. पोस्टमन असो, दूधवाला असो, "शूऽऽ! आबा साठवत्यात!" एकदा पोस्टमननं सायकलची घंटी वाजवली म्हणून तिनं त्याच्या चाकात काठी घातली होती. पेढे वाटल्यावर थोड्याच दिवसांनी मी दुपारी डबा न्यायला घरी आले, तर बेबी उंबऱ्यात. "शूऽऽ." आत सुभेदारांचे पाय दिसले, नेहमीसारखे पसरलेले. मी चवड्यांवर जिना चढले, डबा घेतला, तशीच उतरले आणि गेले.

संध्याकाळी ड्यूटी संपवून आले तर बेबी तिथंच. तोंड सुकलेलं, ओठांवर पापुद्रे. परसात मेंढी ओरड ओरड ओरडत होती, तिला कुणी काही घातलं नव्हतं.

"बेबी, आबा उठले नाहीत?"

"शूऽऽ," ती म्हणाली, पण आवाज रडका झालेला. "आबा आज लय साठवत्यात."

आत शिरायला लागले तर तिनं काठी मारली, नडगीवर, अशी की डोळ्यात पाणी आलं. तिला ढकलून आत गेले. सुभेदार चटईवर नव्हतेच. चटईच्या अलीकडं, भिंतीशी गाल घासून पडलेले. तोंडाचा रंग राखेसारखा. मी मनगट धरलं, त्यांनीच शिकवल्यासारखी तीन बोटं टेकवली. काही लागेना. मग एक लागला. मग वाट बघितली. गाडीची वेळ होऊन जाते, फलाटावर माणसं उभी असतात आणि गाडी येत नाही, तशी बघितली. देवा, येऊ दे, येऊ दे. मग दुसरा लागला.

आळी गोळा केली, रिक्षात घातलं. वडूजच्या डॉक्टरांनी काळजाची पट्टी काढली आणि माझ्यावरच ओरडले. "अहो, वरच्या कप्प्यातून सोडलेला निरोप खाली पोचतच नाही. खालचा कप्पा आपल्या मनानं कसाबसा चालतोय. कुठल्याही क्षणी बंद पडेल. सातारा नाहीतर सांगली, आत्ताच्या आत्ता." माझं माहेर सांगलीत, म्हणून सांगली. ॲम्ब्युलन्समध्ये बेबीला घ्यावंच लागलं. ती लाल हेल्मेटशिवाय निघेना, ते शोधून आणून घातलं. सगळ्या वाटेवर ती माझा दंड घट्ट धरून बसली होती, ज्या बाईला तासाभरापूर्वी काठी मारली तिचाच.

सांगलीच्या डॉक्टरांनी सलाईन, सुया, काय काय करून त्यांना शुद्धीवर आणलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, छातीत एक छोटं यंत्र बसवू, ते काळजाला साठच्या खाली जाऊ देणार नाही. मला वाटलं, सुटलो. सुभेदार उशीवरून मान हलवत होते.

"साठ? आवं, आता छत्तीसवर भागतंय. हे तर दुपटीच्या जवळ गेलं की! मी न्हाई करत सही."

डॉक्टरांनी समजावलं. माझ्या भावानं समजावलं. म्हातारा बधेना. ज्या गोष्टीनं जीव जाणार होता तीच त्याला आयुष्यभराची कमाई वाटत होती, आणि डॉक्टर त्या कमाईवर डल्ला मारायला आलेले. शेवटी माझं डोकं फिरलं. आजूबाजूला पेशंट होते, नर्स होत्या, मला काही सुचलं नाही.

"ऐका सुभेदार, नीट ऐका. तुमच्यामागं बेबीला मी सांभाळणार नाही. मला जमणार नाही. माझा संसार आहे, बदलीची नोकरी आहे. मी नाही सांभाळणार!"

ते चिडले नाहीत. "ठाव हाय मला," म्हणाले. "कुणीच न्हाई सांभाळणार. म्हणून तर वाचवतोय."

"काय वाचवताय? काल दुपारभर ती पोर तुमच्यापाशी उपाशी बसली होती, काठी घेऊन! तुम्ही तिथंच गेला असता ना, तर अजून बसली असती. मला आत येऊ दिलं नसतं तिनं. ठोके शिल्लक ठेवून मेलात, तर ती शिल्लक घेऊन तिनं काय करायचं? भाकरी कालवायची त्यात?"

बेबी त्यांच्या पायाशी बसून बिस्किटं खात होती. सुभेदारांनी तिच्याकडं बघितलं.

"बेबे, काल जेवली न्हाईस तू?"

तिनं मान हलवली. "तुमी साठवत हुता."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "कुठं करायची सही?"

यंत्र बसलं. घरी आल्यावर चार-आठ दिवस ते मनगट धरून बसले होते. "गेला. ह्यो बी गेला. ह्यो बी." ऐकून माझंच डोकं उठायचं. मग एका सकाळी घंटा वाजली नाही. मी घाबरून दार उघडलं, तर सुभेदार जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे, धापा टाकत, तोंडभर हसत.

"बाई, ह्ये यंत्र ठरल्या मापानं खर्च करणारच. मी पडून राहिलो तरी साठ. मंग पडू कशाला?" आणि माझ्या खिडकीतून बघून म्हणाले, "आवं, हितनं तर सगळा माळ दिसतोय की!" घर त्यांचंच, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष मी त्यांना जे बघितलं, ते आधी कुणी बघितलं नसेल. मोठ्यानं हसायचे. भाजीवालीशी चार रुपयांसाठी कडाकडा भांडायचे आणि जिंकून यायचे. कुणाच्या वरातीत बेबीला घेऊन डीजेपुढं नाचले. मी आपली कडेला उभी, मुठी आवळून, की आता पडतोय, मग पडतोय. एकदा हट्ट करून आम्हाला पाचगणीला घेऊन गेले, टेबललँडवर बेबीला घोड्यावर बसवायला. घोडेवाल्याला वाटलं साधंसुधं गिऱ्हाईक आहे. सुभेदारांनी आधी घोड्याच्या जबड्याखाली हात घातला.

"ह्येला पाणी पाज आधी. चाळिसाच्या वर हाय, दमलाय. मंग माझी लेक बसंल."

"आवं, माझं घोडं मला ठाव न्हाई व्हय?"

"ठाव असतं तर पाजलं असतंस की रं!"

झालं, जुंपली. पाणी पाजल्यावरच बेबी बसली, लाल हेल्मेट घालून. "आबा, पळवा! पळवा!" ती किंचाळत होती, आणि पंचाहत्तरीचा तो माणूस लगाम धरून तिच्याबरोबर पळत होता. मी त्यांना थांबवणारच होते. पण दोघांचे चेहरे असे होते, की माझं ओरडायचं राहूनच गेलं.

तिला खाली उतरवलं तेव्हा तिचे ओठ जांभळे दिसले. थंडीनं असेल, मी म्हटलं. सुभेदारांनी तिचं मनगट धरलं, आणि पहिल्यांदाच घड्याळाकडं न बघता नुसतं धरून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात बेबी गेली. ताप आला, धाप लागली, आणि दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. वीस वर्षं सांगितलेल्या पोरीनं त्याच्या दुप्पट काढली होती. सुभेदारांनी तिची वेणी घातली, नीट, सावकाश, आणि मयतीला कधी न जाणारा तो माणूस तिच्यापुढं मडकं धरून चालला. गाव म्हणालं, सुटली बिचारी. भाऊबंद म्हणाले, तुमच्या डोळ्यादेखत गेली, तुमच्या मनासारखं झालं. मला त्या सगळ्यांचा संताप आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी अंघोळ केली, धुतलेले पांढरे कपडे घातले, चटई टाकली आणि उताणे पडले. कशाची वाट बघतायत ते मला समजलं. मी ड्यूटीला गेले नाही. उंबऱ्यात बसून राहिले, त्यांचं पोट वरखाली होताना बघत. दुपार गेली, ऊन कललं. संध्याकाळी ते उठून बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई जमत."

त्या उन्हाळ्यात सांगलीला यंत्र तपासायची तारीख होती. ते नको नको म्हणत होते, मीच ओढून नेलं. तिथल्या पोरीनं त्यांच्या छातीवर एक चकती ठेवली, पडद्यावर बघितलं आणि खुशीत म्हणाली, "एकदम मस्त चाललंय, आजोबा. बॅटरी अजून आठ वर्षं आरामात जाईल."

"आठ?"

"आठ तर नक्की!"

ती पुढच्या पेशंटकडं वळली. सुभेदार स्टुलावर तसेच बसून राहिले. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, अगदी हळू, जसं डेपोत एखादा म्हातारा चुकीच्या गाडीत बसल्यावर विचारतो.

"बाई, आता ही आठ कुणावर घालू?"

ते उठून उभे राहिले. सदऱ्याची बटणं लावायला गेले, पण एकही लागेना. मी पुढं झाले आणि वरपासून एकेक लावायला घेतली. ते मान खाली घालून उभे होते. शेवटचं बटण लावून झाल्यावर मी म्हटलं, "आबा, घरी चला. मी सकाळपासून उपाशी आहे."

त्यांनी झटकन मान वर केली.

"आगं, मंग सांगायचं न्हाई व्हय!" म्हणाले, आणि माझ्या पुढं चालायला लागले.